दोन क्वेकरांच्या मधोमध

विदरफर्ड, २१ मे १६७२

प्रिय दादा,

ओबाडाया घरी आले. आधी हे एवढंच वाक्य वाच, थोडं थांब, मग पुढे वाच. मीही सकाळपासून तेच करते आहे. कामाच्या मधेच जाऊन दारातून डोकावते, ते खुर्चीत आहेत ना ते बघते आणि परत चुलीपाशी येते.

पाच वर्षं आणि दोन महिने. गुन्हा काय, तर राजाच्या चर्चमध्ये न जाता आमच्या कोठारात वीस माणसांपुढे बायबल उघडलं. शेरीफने शुक्रवारी त्यांना सोडलं. चर्चबाहेरच्या उपासनेला मोकळीक देणाऱ्या राजाच्या नव्या जाहीरनाम्याखाली त्यांना प्रवचनाचा परवाना मिळाला आहे, कोठारालाही वेगळा मिळाला आहे. दोन्ही कागद मी भिंतीवर लावायला निघाले होते. ते म्हणाले, "हेस्टर, राजाचं चित्र लावल्यासारखं दिसेल ते." मी म्हटलं, "मग चित्रही लावीन."

टॅबिथा अजून त्यांच्याजवळ जात नाही. तिला वडील म्हणजे तुरुंगाच्या खिडकीतला एक हात एवढंच ठाऊक. काल तिने मला विचारलं, "हे जेवायला रोज राहणार?" मी हो म्हटलं, तर म्हणाली, "मग चमचा आणखी एक लागेल."

आता तुझ्याशी भांडते. हा राजा परदेशातून परत येऊन गादीवर बसला तेव्हा तू म्हणाला होतास, याच्या हातात सगळं दिलं तर हा बापासारखाच निरंकुश होईल, आणि आपले बाबा त्या बापाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने लढले ते फुकट जाईल. ठीक आहे, झाला निरंकुश! तुझ्या पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून माझ्या नवऱ्याला कोंडलं आणि राजाने एका कागदाने सोडवलं. कुणाला विचारलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. असा निरंकुश राजा मला चालतो. रोज चालतो.

तुझी,
हेस्टर

*

चान्सरी लेन, लंडन, ४ जून १६७२

प्रिय हेस्टर,

तू सांगितलंस तसं ते वाक्य वाचून थांबलो. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, कुणी आलं.

मेहुण्यांना माझा नमस्कार. टॅबिथासाठी चमचा पाठवतो आहे.

आता भांडणाचं. तुझा आनंद मला कमी करायचा नाही, पण मी कायद्याचे कागद नकलून पोट भरतो, तेव्हा कागदाबद्दल चार शब्द ऐक. राजाने कायदा रद्द केलेला नाही. तो त्याला करताच येत नाही. त्याने कायद्याचा अंमल थांबवला आहे, आणि तेवढं तरी त्याला एकट्याला करता येतं का, यावर आमच्या इथे दुपारच्या जेवणाला वकील एकमेकांवर पाव फेकतात. सध्या पार्लमेंट बसलेलं नाही, म्हणून सगळं शांत आहे. राजाला डच युद्धासाठी पैसे लागतील तेव्हा ते बोलवावं लागेल. आणि बोलावलं की ते पहिल्यांदा हेच विचारील.

साध्या भाषेत सांगतो. ओबाडायांची शिक्षा अजून जिवंत आहे, राजाने फक्त तिचा हात धरून ठेवला आहे. तो हात सुटला तर?

यावर एक उपाय आहे. माफी. कायदा थांबवता येतो की नाही यावर वाद आहे, पण गुन्हा माफ करण्याचा राजाचा हक्क कुणी नाकारत नाही, अगदी पार्लमेंटसुद्धा. मोठ्या राजमुद्रेखाली माफी मिळाली की शिक्षा मरते, मग जाहीरनामा राहो की जावो. आणि योग असा, की क्वेकर पंथाच्या लोकांनी आपल्या सगळ्या कैद्यांसाठी मिळून एकच माफीनामा मागितला आहे. जिल्हावार नावं आहेत, चारशेच्या वर. तो लिहायच्या चामड्यावर उतरवण्याचं काही काम आमच्या कचेरीत आलं आहे. इतर पंथांच्या कैद्यांची नावंही त्यात घालायला क्वेकरांनी आनंदाने होकार दिला. तू मला मेहुण्यांचं पूर्ण नाव, गाव आणि शिक्षेची तारीख लगेच कळव.

तुझा,
ॲम्ब्रोज

*

विदरफर्ड, १७ जून १६७२

प्रिय दादा,

नाव, गाव, तारीख वेगळ्या चिठ्ठीवर दिली आहे. पण ती वापरू नकोस. काय झालं ते सांगते.

तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं ही माझी चूक. ओबाडायांनी वाचलं. मग म्हणाले, "कुणाच्या यादीत?"

"राजाच्या," मी म्हटलं.

"कुणाच्या यादीत, हेस्टर?"

"क्वेकरांच्या. पण राजमुद्रा…"

पुढचं बोलायला मिळालंच नाही. दादा, तुला जोब टिंडल आठवतो का? नदीकाठचा धान्यवाला, क्वेकर. पाच वर्षं तो आणि ओबाडाया एकाच कोठडीत होते. एकच गवताची गादी, एकच बादली. आणि पाच वर्षं दोघांनी बाप्तिस्म्यावर वाद घातला. ओबाडाया म्हणत, पाण्यात बुडाल्याशिवाय माणूस ख्रिस्ताचा होत नाही. टिंडल म्हणे, पाणी कशाला, आतला उजेड पुरे. जेलर मला म्हणायचा, "बाई, तुमच्या नवऱ्याला सोडवा हो, नाहीतर त्या दुसऱ्याला तरी. आम्हाला झोप मिळेना." शेवटच्या हिवाळ्यात दोघांनी गादीच्या मधोमध खडूने रेघ मारली होती.

आणि आता त्या माणसाच्या पंगतीला बसून माफी घ्यायची? "पाच वर्षं मी कशासाठी बसलो?" ते म्हणाले. "क्वेकर म्हणून सुटायचं असतं तर पहिल्याच वर्षी त्यांच्यासारखी कुणापुढेच न काढता टोपी डोक्यावर ठेवून बसलो असतो. उद्या माझी मुलगी ते चामडं वाचील आणि विचारील, बाबा, तुम्ही त्यांच्यातले का?"

मी म्हटलं, "तुमची मुलगी अजून तुमच्या मांडीवर बसत नाही, ती चामडी कधी वाचणार?" हे मी बोलायला नको होतं.

सोबत त्यांनी स्वतः लिहिलेलं पत्र आहे. आपलं नाव कुठल्याही क्वेकर यादीत घालू नये, घातलं असेल तर खोडावं, असं तुझ्या वरिष्ठांना सही करून लिहिलं आहे. दादा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कर. मीही तेच सांगते. घरात आठ दिवस कुणी धड बोललेलं नाही, आणि मला हे पाच वर्षांनी मिळालेलं घर असं नको आहे. भिंतीवर राजाचे दोन कागद आहेत. राजा काही कुठे जात नाही.

हेस्टर

*

लंडन, १ जुलै १६७२

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र मिळालं, आतलं मेहुण्यांचंही मिळालं. ते जिथे जायला हवं होतं तिथे मी स्वतः पोचवलं. तेव्हा आता त्यावर आणखी बोलणं नको. जेवा, बोला, भांडायचंच असेल तर हवेवर भांडा.

इथे उन्हाने नदीला वास सुटला आहे. चमचा मिळाला का?

ॲम्ब्रोज

*

विदरफर्ड, २२ नोव्हेंबर १६७२

प्रिय दादा,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं वाईट काही घडलं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदाच होतं आहे.

रविवारी कोठारात साठ माणसं येतात. सर जर्वेस ओल्डकॉट, आपले मॅजिस्ट्रेट, ज्यांनी ओबाडायांना आत टाकलं, ते घोड्यावरून कोठारासमोरून जातात आणि मान दुसरीकडे करतात. टॅबिथा मांडीवर बसते. कधीपासून ते कुणालाच कळलं नाही. एक दिवस बघितलं तर बसलेली होती.

टिंडलही सुटला, ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या त्या मोठ्या माफीनाम्यावर. परवा बाजारात समोर आला. टोपी अर्थातच डोक्यावर. तुला माहीत आहे त्यांची रीत, बिशप असो की भिकारी, सगळ्यांना अरे-तुरे. म्हणाला, "ओबाडाया, एकदा माझ्याकडे ये. तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे."

हे म्हणाले, "तुमच्याकडे माझं काही नाही." आणि वळले.

घरी आल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? पुन्हा पाण्यावरून सुरू करायचं आहे त्याला." पण त्यांचा चेहरा मला रागाचा वाटला नाही. इतक्या वर्षांच्या वादाची सवय लागते बहुतेक.

तू म्हणाला होतास तसं काही झालेलं नाही हं. हात सुटलेला नाही. मान्य कर.

हेस्टर

*

विदरफर्ड, १२ मार्च १६७३

दादा,

तुला सगळं आधीच माहीत असेल, तू तिथेच आहेस. मला काल कळलं, आणि तेही शिपायाकडून.

राजाने जाहीरनामा मागे घेतला. म्हणे स्वतःच्या हाताने त्याची मोहर फोडली. कारण पार्लमेंटने सांगितलं, कायदा थांबवायचा हक्क आमचा, तुमचा नाही, आणि ते मान्य होईपर्यंत युद्धाला एक पेनी मिळणार नाही. शिपाई सांगत होता, लंडनमध्ये लोकांनी रस्त्यात शेकोट्या पेटवून नाच केला. ख्रिस्ती माणसं! एका माणसाला पुन्हा तुरुंगात घालता येईल म्हणून नाच!

शिपाई म्हणजे तो दांडगा नेड प्राउट. दारात उभा राहून टोपी चुरगळत होता. म्हणाला, "वहिनी, मला सर जर्वेसनी पाठवलंय. ते म्हणतात परवाना मेला, म्हणजे जुनी शिक्षा जिवंत झाली. मंगळवारी अठरा तारखेला यांना हजर करायचं. मी आत्ता नेऊ शकतो, पण नेत नाही. पळून जाऊ नका एवढंच सांगा."

ओबाडाया म्हणाले, "पळायचं असतं तर सहा वर्षांपूर्वीच पळालो नसतो का?" नेड म्हणाला, "हो, तेही खरंच," आणि दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखा मान हलवत गेला.

मी भिंतीवरचे दोन्ही कागद काढले. आणि मग दादा, मला आठवलं. माफी. तू सांगितलेलं शब्दन्‌शब्द आठवलं. तू मला मार्ग दाखवला होतास आणि मीच लिहिलं की त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कर. त्यांनी स्वाभिमानासाठी खोडायला लावलं. मी कशासाठी? जेवताना कुणी बोलावं म्हणून. टिंडल बाजारात मोकळा फिरतो आहे आणि माझा नवरा मंगळवारी परत आत जाणार.

ते मला दोष देत नाहीत. दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता काही करता येईल का? नवी माफी मागता येईल? सहा दिवसांत? घोडेस्वाराबरोबर उत्तर पाठव, त्याचे पैसे इथे मी देते. आणि मला एवढं सांग, हा कसला राजा? मी त्याला निरंकुश समजून भिंतीवर लावलं, आणि त्याला एक कागद वर्षभर सांभाळता आला नाही.

हेस्टर

*

लंडन, १४ मार्च १६७३, सकाळी

हेस्टर,

घोडेस्वार खाली थांबला आहे, म्हणून महत्त्वाचं आधी.

नाव खोडलेलं नाही.

ओबाडायांचं पत्र मी जिथे जायला हवं होतं तिथे पोचवलं, असं मी लिहिलं होतं. ते आमच्या कचेरीतल्या शेगडीत पोचवलं. नाव मी माझ्या हाताने चामड्यावर उतरवलं आहे, आणि त्या माफीनाम्यावर तेरा सप्टेंबरला मोठी राजमुद्रा बसली आहे. अकरा चामडी जोडलेला लांबलचक कागद आहे. तिसऱ्या चामड्यावर तुमचा जिल्हा आहे. त्यात वरून नववं नाव ओबाडाया थ्रेल. आठवं जोब टिंडल, दहावा कुणी सायमन गेट्स, तोही क्वेकर. मेहुणे दोघांच्या बरोबर मधोमध आहेत. त्याला माझा इलाज नव्हता, शेरीफच्या यादीचा क्रमच तसा होता.

आता काय करायचं ते. तुमच्या जिल्ह्याच्या नावांची मोहरबंद नक्कल टिंडलकडे आहे. क्वेकरांनी प्रत्येक जिल्ह्यात एकाच्या घरी ठेवली आहे. तो "तुझी वस्तू" म्हणाला ती हीच असणार. आजच त्याच्याकडे जा. नक्कल घेऊन त्यालाच बरोबर ने. आणि एक गोष्ट मेहुण्यांना नीट समजाव: माफी आपोआप लागत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहून ती आपली म्हणून स्वीकारावी लागते. "हे नाव माझं, ही माफी मला मान्य," असं तोंडाने म्हणावं लागतं. ते म्हणाले नाहीत, तर राजासुद्धा काही करू शकत नाही.

आधी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मेहुण्यांनी दुसरं पत्र पाठवलं असतं, आणि ते माझ्या वरिष्ठांच्या हातात पडलं असतं. मला वाटलं, गरज पडणारच नाही, पडली तर सांगू. तू रडत असताना मी मुद्दाम गप्प बसलो असं मात्र समजू नकोस. तुझं पत्र काल रात्रीच मिळालं.

आणखी एक कबुली. त्या शेकोट्यांपैकी एकीजवळ मी होतो. टोपी उडवली मी, हेस्टर. राजाला कायदा बंद-चालू करता येत नाही हे त्याने स्वतःच्या तोंडाने मान्य केलं, यासाठी बाबा लढले होते असं मला वाटलं. मग टोपी खाली आली आणि तुझी आठवण झाली. जाळाजवळून बाजूला गेलो. आनंद खोटा नव्हता, पण तो कुणाच्या घरावरून जातो आहे ते मला त्या क्षणी दिसलं.

तू विचारतेस, कसला राजा? अर्धा. त्याला कायदा थांबवता येत नाही, पण माणसाला सोडवता येतं. माझ्या मते राजाकडे एवढंच असावं. तुझ्या मते काय ते मंगळवारनंतर लिही.

ॲम्ब्रोज

*

विदरफर्ड, १९ मार्च १६७३

दादा,

ते घरी आहेत. आणि या वेळी त्यांचं असणं भिंतीवरच्या कागदावर टांगलेलं नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी वाचलं, आणि आधी ओबाडायांना काही न सांगता टिंडलकडे गेले. तो धान्य मापत होता. मी बोलायच्या आत म्हणाला, "आलीस? बरं झालं. मी त्याला तीनदा सांगायला गेलो. तीनदा त्याने मला खोटा संदेष्टा म्हटलं. चौथ्यांदा जायचा माझा विचार होता, पण आधी जरा राग ओसरू दे म्हटलं. माझा."

घरी येऊन यांच्यापुढे तुझं पत्र ठेवलं. वाचून झाल्यावर उठून कोठारात गेले. जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "स्वीकारणार ना?" ते म्हणाले, "मला माहीत नाही, हेस्टर." सोमवारीही तेच. मंगळवारी निघतानाही तेच. दादा, रस्त्याने चालताना मला तुरुंगाची भीती कमी आणि यांच्या तोंडाची जास्त वाटत होती.

सर जर्वेसच्या दिवाणखान्यात आम्ही उभे. टिंडल टोपीसकट आत आला. कारकून ओरडला, "टोपी!" टिंडल म्हणाला, "ती माझीच आहे." सर जर्वेसनी हात हलवून जाऊ दे म्हटलं. या विषयात त्यांचे बरेच दिवस आधीच वाया गेले आहेत.

टिंडलने नक्कल उलगडली. "वाच, जर्वेस. आठवा मी आहे, नववा हा."

सर जर्वेसनी वाचलं, मोहर खिडकीपाशी नेऊन पाहिली, परत वाचलं. मग यांच्याकडे बघून म्हणाले, "ही क्वेकरांची माफी आहे, थ्रेल. तू क्वेकर कधी झालास?"

"झालो नाही."

"मग हे नाव तुझं नाही?"

हे त्या नवव्या ओळीकडे बघत राहिले. टॅबिथा माझ्या हाताला धरून होती, तिने विचारलं, "आई, बाबांना स्वतःचं नाव माहीत नाही का?"

दिवाणखान्यात कुणी हसलं नाही. पण टिंडल हळू म्हणाला, "ओबाडाया, पाच वर्षं आपण एका गादीवर झोपलो. चामड्यावर एका ओळीचं अंतर आहे. तिथे तुला जास्तच जागा मिळाली आहे."

मग हे बोलले. "नाव माझं आहे. मला दोन्ही बाजूंनी क्वेकर आहेत, आणि मी त्यांच्यातला नाही, हे लिहून घ्या. पण ही माफी मी स्वीकारतो. सगळ्या नावांसकट."

सर जर्वेस म्हणाले, "लिहून घेण्याची गरज नाही, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे." आणि जुना आदेश त्यांनी आमच्यासमोर फाडला. जाताना एवढं बजावलं, की पुढे कोठारात सभा भरली तर तो नवा गुन्हा धरला जाईल, आणि त्याला ही माफी पुरणार नाही. ते आम्हाला कळतं. सध्या चार-पाच घरांत थोडी थोडी माणसं बसतील. पुढचं पुढे बघू. पण काल मी घरी आल्यावर दार लावलं आणि मला आठवेना की दारामागे उभं राहून बाहेरच्या चाहुलीला कान द्यायची सवय मला कधी लागली. काल उभी राहिले नाही. सरळ चुलीपाशी गेले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला अजून वाटतं, राजा पूर्ण असता तर आमचं वर्ष असं गेलं नसतं. पण पूर्ण राजाला सकाळी सोडलेला माणूस संध्याकाळी परतही आत टाकता येतो, हे मला नेड प्राउट दारात उभा असताना कळलं. तू टोपी उडवलीस याचा राग मी अजून सोडलेला नाही. ईस्टरला ये, मग सोडते.

खाली ओबाडायांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

हेस्टर

*

ॲम्ब्रोज,

तुम्ही माझं सही केलेलं पत्र जाळलंत आणि बहिणीला खोटं लिहिलंत. हे पाप आहे. मी ते पाप आहे असंच म्हणणार, आणि त्याच पापामुळे मी या टेबलाशी बसून हे लिहितो आहे. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं हे मला कळत नाही. टिंडल म्हणतो त्याला कळतं. गुरुवारी तो समजावून सांगायला येणार आहे.

तुमच्यासाठी मी सकाळी देवाकडे माफी मागितली. ती मिळेल याची मला खात्री आहे. तिथला राजा निरंकुश आहे, आणि त्याला पार्लमेंट नाही.

ओबाडाया थ्रेल